आधी नातं, मग कागद

दत्तक घ्यायचं मनावर घेतलेल्या जोडप्याला आपल्याकडे सगळ्यात आधी कागदाचा सल्ला मिळतो. पोर्टलवर नाव घाला, नंबर लागू द्या, आदेश हातात पडू दे, बाकीचं मग बघू. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. बेकायदा मार्गाने मूल आणल्याच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात आणि कागद पक्का म्हणजे नातं पक्कं, अशी आपली जुनी समजूत आहे. त्या समजुतीवर विसंबून आज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या यादीत ३५ हजारांहून अधिक इच्छुक पालक वाट पाहत आहेत. दत्तक देण्यासाठी कायद्याने मोकळी झालेली मुलं अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यांतही पुष्कळ मुलं विशेष गरजा असलेली. निरोगी तान्हं बाळ हवं असेल तर साधारण साडेतीन वर्षं थांबायचं. दुसरीकडे बालगृहांमध्ये सहा, आठ, अकरा वर्षांची अशी मुलं आहेत ज्यांना सुट्टीच्या दिवशी भेटायला कोणी येत नाही. त्यांच्यापर्यंत जाणारा एक वेगळा रस्ता आहे, फॉस्टर केअरचा. सरकारी भाषेत प्रतिपालकत्वाचा. या रस्त्यावर क्रम उलटा आहे. मूल आधी घरात येतं, राहतं, रुळतं किंवा रुळत नाही, आणि दत्तकाचा कागद झालाच तर नंतर होतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत हा उलटा क्रमच योग्य आहे, असं माझं मत आहे. जोडप्याने करायची खरी तयारी कोणती, हेही या क्रमातूनच ठरतं.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगायला हवं, कारण त्याविषयी फार थोड्यांना माहिती आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बाल कल्याण समिती एखाद्या कुटुंबात ठेवू शकते. ते कुटुंब मुलाच्या रक्ताचं नसतं. मुलाच्या आईवडिलांचा भेटीचा हक्क मुलाच्या हिताआड येत नसेल तर कायम राहतो आणि आईवडील सांभाळण्याच्या स्थितीत आले की मूल परत जाऊ शकतं. समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ही संधी फक्त विवाहित जोडप्यांना होती. २०२४ मध्ये ती एकट्या व्यक्तींनाही मिळाली. त्याहून महत्त्वाचा बदल मुदतीचा आहे. प्रतिपालक कुटुंबाला पूर्वी पाच वर्षांनी मूल दत्तक घेता येई, आता दोन वर्षांनी घेता येतं, अर्थात ते मूल तोवर कायद्याने मोकळं झालेलं असेल तर. या ‘तर’वर सगळं अवलंबून आहे, आणि लोक बिचकतात तेही इथेच.

आपल्या दत्तकपरंपरेत मात्र कागद किंवा विधी नेहमी आधी आला. कर्जतजवळचं वेणगाव नानासाहेब पेशव्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. १८२४ मध्ये जन्मलेल्या या मुलाला १८२७ मध्ये बिठूरला दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलं. तीन वर्षांच्या पोराला कोणी काय विचारणार? त्याचं काम ठरलेलं होतं: नाव चालवायचं, पिंडदान करायचं, वारसा राखायचा. १८५१ मध्ये बाजीराव गेले आणि कंपनी सरकारने आठ लाखांचा तनखा नानासाहेबांना नाकारला. साताऱ्यात आणि झाशीतही दत्तकाचा विधी झालेला होता. कंपनीने तोही मानला नाही. या इतिहासाकडे आपण इंग्रजांच्या अन्यायाची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण दत्तकाचा प्रश्न किती पूर्णपणे मोठ्या माणसांच्या गरजेभोवती फिरत होता, हेही तिच्यातून दिसतं. मूल त्यात साधन होतं. पिंडदानाची अपेक्षा आता पुष्कळ घरांतून गेली असेल, पण ‘आमचं म्हणून वाढवायचं तर पूर्वीचं काही नको’ ही इच्छा त्याच मुळातून येते. तान्ह्या बाळाची मागणी एवढी का, याचंही अर्धं उत्तर त्यात आहे. तान्ह्या बाळाला आठवणी नसतात, निदान आपण तसं धरून चालतो.

दुसरी परंपराही आपल्याच मातीतली आहे, फक्त तिच्याकडे दत्तकाच्या संदर्भात कोणी फारसं पाहत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. काशीबाई ही ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत या दोघांनी १८७४ च्या सुमारास आपला मानला. काशीबाईचं नाव त्यांनी पुसलं नाही, मूल कुठून आलं हे लपवलं नाही. आज आपल्याला ते माहीत आहे ते त्यामुळेच. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी यशवंतला वारस नेमलं, म्हणजे कागद झाला तोही यशवंत त्यांच्या घरात वाढल्यानंतर. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्यविधीच्या हक्कावरून भाऊबंदांनी यशवंतबद्दल हरकत घेतली आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या, असं सांगितलं जातं. कागद असूनही नातेवाइकांनी त्याला मुलगा मानलं नाही, आणि त्याच्या पाठीशी उभी राहिली ती त्याला वाढवणारी आई. दत्तकाच्या कोणत्याही चर्चेत मी हे उदाहरण वेणगावच्या उदाहरणाशेजारी ठेवीन.

आता भिसेगावातलं एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणू. कर्जत स्टेशनाला लागून असलेली ही वस्ती सकाळच्या लोकलवर चालते. दोघांपैकी एकजण तरी मुंबईच्या बाजूला कामाला जाणारा, घर दोन खोल्यांचं, शेजार दाराला दार लावून. अर्ज केल्यावर सामाजिक कार्यकर्ता गृहभेटीला येतो, उत्पन्न आणि आरोग्याचे दाखले पाहतो, घरातल्या इतरांशी बोलतो. लोक तयारी म्हणतात ती साधारण एवढीच: कॉट, दप्तर, शाळेतला प्रवेश. हे सगळं लागतंच. पण नऊ वर्षांचं मूल घरी आल्यावर जे घडतं त्याला ही तयारी पुरत नाही. संस्थेत वाढलेली काही मुलं पोटभर जेवल्यावरही पोळी उशीखाली लपवून ठेवतात. ती पोळी सापडल्यावर ओरडायचं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी झाकणाचा डबा ठेवून ‘हा तुझा, यातलं कोणी घेणार नाही’ असं सांगायचं, यावर त्या घराची तयारी ठरते. मूल कातकरी वाडीतलं असेल आणि त्याची बोली आपल्या घरात कोणाला येत नसेल, तर ती बोली सुधारायची घाई करायची की त्याला ती बोलू द्यायची? त्याच्या आईचा फोटो असेल तर तो कपाटात जाणार की भिंतीवर? गिरणीवर दळण टाकताना कोणी विचारलं, ‘कुणाचा हा?’, तर मुलासमोर काय सांगायचं, हे दोघांचं आधीच एकमताने ठरलेलं असावं लागतं. आणि बाळाचं नाव बदलतात तसं नऊ वर्षांच्या मुलाचं बदलायचं नसतं. ते नाव त्याने शाळेच्या हजेरीत रोज ‘हजर’ म्हणून उच्चारलेलं असतं. दोन भावंडं एकत्र येणार असतील तर आणखी एक गोष्ट: मोठी बहीण बहुधा धाकट्याची आई होऊन बसलेली असते. तिच्या हातून ते काम हलक्या हाताने काढून घ्यावं लागतं, आणि ती ते लगेच देत नाही.

या तयारीला एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. परक्या घराचा विचार करायचाच कशाला? मुलाचे काका-मामा नाहीत का, आजी नाही का? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. सकाळी त्यांना आईवडील नव्हते. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी या अनाथ मुलांचं पालकत्व घेत असल्याचं जाहीर केलं. बातम्या पाहून शेकडो मैलांवरच्या माणसांनाही वाटलं असेल, एक मूल आपण घेऊ. वाटणं माणुसकीचं आहे. पण ठाकर समाजातल्या त्या मुलांची नाती एका वाडीत संपत नव्हती. डोंगराच्या बाजूबाजूच्या वाड्यांत त्यांची माणसं होती, बोली होती, सणवार होते. अशा वेळी मुलाला नात्यातच ठेवून त्या नात्याला पैशाचा आणि माणसांचा आधार देणं हाच पहिला पर्याय असला पाहिजे, आणि धोरणही तेच सांगतं. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते आणि महिन्याला २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ही रक्कम ४,००० रुपये आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनाथ बाळं दत्तक देण्याचे संदेश मोबाइलवर फिरू लागले, तेव्हा जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बेकायदा दत्तकविधानावर कारवाईचे आदेश द्यावे लागले. दुर्घटनेनंतर मुलांकडे धावणारी दया किती घातक होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

तर हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. फॉस्टर केअरची बाजू त्याने कमजोर होत नाही, उलट भक्कम होते. नात्यातलं कोणी नाही, किंवा आहे पण दारूने, आजाराने, मारहाणीने सांभाळण्याच्या पलीकडे गेलेलं आहे, अशी मुलं उरतातच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परततं तेव्हा कधी एक पालक कमी झालेला असतो, कधी दुसऱ्याने नवा संसार मांडलेला असतो. दत्तकाच्या मार्गात अशा मुलाला एकच दार आहे, आणि ते उघडायला मागचं सगळं कायमचं तोडावं लागतं. त्यामुळे समिती मोकळं जाहीर करायला कचरते, आईबाप सहीला नकार देतात, आणि मूल संस्थेतच अठरा वर्षांचं होतं. फॉस्टर केअरमध्ये तोडावं लागत नाही. गरीब आईकडून मूल गरिबीमुळे काढून घेऊ नये, हे ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तर याच व्यवस्थेचा आग्रह धरायला हवा.

वेणगावातच आज दुसरं एक काम चालतं. डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणतं, बरं करतं आणि त्यांची घरं शोधून त्यांना परत पोचवतं; २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो यासाठी. तिथे कोणी असं म्हणत नाही की आम्ही एवढं केलं, मग माणूस आमच्याकडेच राहायला हवा. परत पोचवणं हेच तिथे यश मानलं जातं. प्रतिपालक जोडप्याकडून अपेक्षा याच जातीची आहे, फक्त घर एका कुटुंबाचं असल्यामुळे ती कितीतरी जड आहे.

आणि म्हणूनच सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हा: जीव लावायचा आणि मग मूल परत गेलं तर? मूल नसलेल्या जोडप्याने आधीच बरंच सोसलेलं असतं. दवाखाने, उपचार, सणासमारंभातल्या नजरा. त्यांना पुन्हा अनिश्चिततेत ढकलणं क्रूर आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी या वाटेला येऊ नये आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण दुसऱ्या बाजूची निश्चितता वाटते तेवढी निश्चित नाही. माहितीच्या अधिकारात ‘कारा’ने दिलेल्या उत्तरानुसार २०१४-१५ पासूनच्या पाच वर्षांत देशात अकराशेहून अधिक दत्तक मुलं पालकांनी संस्थांना परत केली, आणि त्यांत मोठ्या वयाची मुलं पुष्कळ होती. तीही दत्तकाच्या रीतसर मार्गानेच त्या घरांत गेली होती. दत्तकाच्या नियमांत मूल घरी सोपवल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी असते. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की पहिली दोन वर्षं कसोटीची. फॉस्टर केअर ती दोन वर्षं सहीच्या आधी आणते, एवढाच फरक. पण नापास होण्याची किंमत त्या फरकाने बदलते. आदेशानंतर परत पाठवलेल्या मुलाला ‘तुझेच आईबाप’ म्हणून सांगितलेल्या माणसांनी टाकलेलं असतं. पाहुणा म्हणून आलेलं आणि आपल्या आईकडे परत गेलेलं मूल टाकलेलं नसतं. जोडप्याचं दुःख दोन्हीकडे खरं आहे, पण दोन दुःखांत निवड करायची वेळ आली तर ते मोठ्यांनी सोसावं, मुलाने नव्हे.

मोठ्या मुलाचं वळण घडून गेलेलं असतं, आता काय फरक पडणार, हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारला जातो म्हणून त्याचं उत्तर टाळू नये. याचा सर्वांत कसून केलेला अभ्यास रुमानियात झाला. बुखारेस्टच्या अनाथालयांतली १३६ लहान मुलं घेऊन संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी फॉस्टर घरांत ठेवली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७३ भरला, फॉस्टर घरांतल्यांचा ८१. जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९ होता, तेव्हा भरपाई पूर्ण झाली असं कोणी म्हणू नये. शिवाय दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. आक्षेप घेणारा इथे म्हणेल, बघा, आठ वर्षांच्या मुलाला उशीर झालाच. झाला आहे, हे खरंच आहे. पण त्याच मुलांचा पुढे बारा वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली: ज्यांचं पहिलं फॉस्टर घर सुटलं नाही, त्यांची स्थिती घरं बदलत राहिलेल्यांपेक्षा चांगली होती. वय आपल्या हातात नाही, घर न सुटणं बऱ्याच अंशी आहे. आणि वळणाचं म्हणाल तर अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला कोणतं वळण मिळतं? २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिलं, ते याच मुलांची स्थिती पाहून. नोकरीसाठी ते फार मोलाचं आहे. पण तापाने फणफणल्यावर फोन कोणाला करायचा, हे आरक्षणाला देता येत नाही.

एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो. पैसे मिळतात म्हणून किंवा घरकामाला हात मिळतो म्हणून कोणी मूल नेईल, तर? कर्जत-खालापुरात ही भीती काल्पनिक नाही. मुंबईकरांची फार्महाउस डोंगरपायथ्यापर्यंत पोचली आहेत आणि तिथे राबणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळेऐवजी झाडलोटीला, पाहुण्यांच्या दिमतीला दिसतात. ‘शिकवतो, सांभाळतो’ म्हणून पोर घरी नेण्याची आणि तिला भांड्यांपाशी बसवण्याची चाल आपल्या मध्यमवर्गात जुनीच आहे. दर महिन्याची पाहणी यासाठीच आहे. पण ती कोण करणार? जिल्ह्याचा कारभार अलिबागला, आणि घाटाखालच्या वाडीपासून अलिबाग म्हणजे दिवस मोडणारा प्रवास. तालुक्याला एक तरी प्रशिक्षित, पगारी माणूस असल्याशिवाय ही योजना वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या घरात मूल ठेवलं त्याच्या शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी सेविकेला, आशाताईला हे मूल प्रतिपालनात आहे एवढं विश्वासाने माहीत असावं. गाजावाजा करून नव्हे, पण कोणाची तरी नजर असावी म्हणून. चांगल्या जोडप्याला या नजरेचा त्रास वाटू नये. वाटलाच तर गृहभेटीच्या वेळी त्यावर मोकळेपणी बोलता येतं.

उरतो तो कागद. दोन वर्षं झाली, समितीने मूल मोकळं जाहीर केलं, जोडप्याने अर्ज केला, की २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती त्यासाठी घ्यावी लागते. नेहमीच्या दत्तकात आठ वर्षांच्या मुलाला ही संमती विचारतात ती थोड्या भेटींच्या आणि फोटोंच्या आधारावर. नव्या कपड्यांत आलेल्या दोन अनोळखी माणसांविषयी ते ‘हो’ म्हणतं, कारण ‘नाही’ म्हटलं तर काय होईल याची त्याला भीती असते. भिसेगावच्या त्या घरात दोन पावसाळे काढलेल्या मुलाला हाच प्रश्न विचारला, तर या बाईंच्या हातची आमटी कशी असते, हे बाबा चिडले की काय करतात, आपला फोटो आणि आपलं नाव त्यांनी कसं ठेवलं, आई भेटायला आली तेव्हा ते तिच्याशी कसे बोलले, हे सगळं त्याला माहीत असेल. ते कदाचित ‘नाही’ म्हणेल, कदाचित ‘राहीन, पण आडनाव माझंच’ असं म्हणेल. जोडप्याची तयारी या दोन्ही उत्तरांसाठी हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून हवी, कारण मूल दोन वर्षं त्यांच्याकडे पाहूनच हे उत्तर ठरवत असतं.